बाबा, आधी भिंत दाखवा

…आणि वर मला विचारतात, ‘व्हिनेगर लावून बघितलंत का?’ अहो, लावून बघितलंत का म्हणजे काय! तुम्हाला सांगतो, गेल्या आठ महिन्यांत बाथरूमच्या त्या एका भिंतीला मी जेवढं व्हिनेगर पाजलंय ना, तेवढं कुणाच्या स्वयंपाकघरात दहा वर्षांत लागत नाही! व्हिनेगर झालं, खाण्याचा सोडा झाला, लिंबू झालं, ब्लीच झालं, ती निळ्या बाटलीतली फवारणी झाली… जिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘एकदाच वापरा, कायमची सुटका!’ एकदाच! मी अकरा बाटल्या संपवल्यात. आणि जाते हो! पुसली की जाते, खोटं कशाला बोलू? भिंत अशी पांढरी होते की आपलीच आपल्याला ओळख पटत नाही. पहिला दिवस पांढरी. दुसरा दिवस पांढरी. तिसऱ्या दिवशी आपण घरात जरा छाती काढून चालायला लागतो, बायकोला उगाच दोन गोष्टी सुनावतो… आणि चौथ्या दिवशी? हजर!

बुरशी हो, बुरशी! दुसरं काय सांगतोय मी मघापासून? शॉवरच्या वर, छत आणि भिंत मिळतात ना, त्या कोपऱ्यात. आधी चार ठिपके. इतके बारीक की वाटतं, आपल्याच चष्म्यावर काहीतरी उडालंय. चष्मा पुसावा, परत लावावा, तर ठिपके सात!

आता तुम्ही म्हणाल, आजोबा, कोपऱ्यात चार ठिपके आले तर एवढं काय आकाश कोसळलं? बरोबर आहे, मीही हेच म्हणायचो. अकरा वर्षं ती बुरशी आमच्याकडे सुखाने नांदत होती, कुणी तिच्याबद्दल ब्र काढला नाही. पण आठ महिन्यांपूर्वी लेक आली राहायला, सात महिन्यांच्या नातवाला घेऊन. चांगली महिनाभर राहणार होती. मी खेळणी आणून ठेवलेली, कपाटाच्या कोपऱ्यांना फडकी बांधून ठेवलेली, आमच्या हिने तर शेजाऱ्यांना दम देऊन ठेवलेला की दुपारी दोन ते चार कुणी खिळा ठोकायचा नाही! आणि दुसऱ्याच दिवशी पोरगं खोकायला लागलं. साधं नाही, छातीतून. शिट्टी वाजायची हो, एवढ्याशा छातीतून! डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, ‘याची श्वासनळी नाजूक आहे. घरात कुठे ओल, बुरशी वगैरे आहे का?’ आणि आमच्या हिने तिथल्या तिथे, माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, ‘आहे. यांना किती वर्षं सांगतेय!’ म्हणजे जणू बुरशी मलाच लागलीय!

लेकीने त्याच संध्याकाळी बॅग भरली. रागावली नाही, आवाज चढवला नाही. तेच वाईट. एवढंच म्हणाली, ‘बाबा, ती भिंत नीट झाली की आम्ही येतो. तोपर्यंत नाही जमणार.’ झालं! माझ्या आणि माझ्या नातवाच्या मध्ये, तुम्हाला सांगतो, हातभर रुंदीची एक भिंत उभी राहिली. ती भिंत स्वच्छ, तर नातू मांडीवर. नाहीतर नातू फोनवर.

आणि फोन तरी कसा? रोज संध्याकाळी सहा वाजता. आम्ही दोघं केस विंचरून, चेहरे हसरे करून बसतो. फोन लागतो. वाटतं, आता पोरगं दिसणार… आणि लेकीचा आवाज येतो, ‘बाबा, आधी भिंत दाखवा.’ आधी भिंत! मग मी फोन घेऊन बाथरूममध्ये जायचं, दिवा लावायचा, स्टुलावर चढायचं, कोपरा दाखवायचा. एकदा, चौथा दिवस होता, मी काय केलं, ठिपक्यांच्या बरोबर समोर डोकं धरून उभा राहिलो. ‘बघ गं, कशी लख्ख आहे!’ ती म्हणते, ‘बाबा, जरा बाजूला व्हा.’ ‘नाही गं, इथून उजेड चांगला येतो.’ ‘बाबा. बाजूला व्हा.’ झालो बाजूला! करतो काय? पोरगं उभं राहिलं, पहिलं पाऊल टाकलं, ते मी बघितलंच नाही. मी त्या वेळी स्टुलावर होतो. भिंत दाखवत होतो.

बरं, मी काही अडाणी नाही. एकतीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्यात मीटर-रीडर होतो. घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचले. पाणी कुठून येतं, कुठे जातं, कुठे मुरतं, हे मला कुणी शिकवायचं? म्हणून मी म्हटलं, हे काम आपण पद्धतशीर करू. पहिल्या दिवशी मी काय केलं? पुसली बुरशी? छे! आधी पेन्सिलने तिच्या कडेकडेने रेघ ओढली आणि बाजूला तारीख घातली. दुसऱ्या दिवशी पुढे सरकली की नवी रेघ, नवी तारीख. रोज सकाळी दात घासायच्या आधी रीडिंग! एक वही केली. तीन आठवडे चाललं हे. माझ्याकडे अशी चोख माहिती जमली की मी तुम्हाला सांगू शकतो, दमट दिवसाला ती दीड सेंटिमीटर चालते आणि कोरड्या दिवसाला अर्धा.

आमच्या हिने तीन आठवडे बघितलं आणि मग एक दिवस हातात घासणी घेऊन दारात उभी राहिली. ‘अहो, पुसा!’ मी म्हटलं, ‘थांब गं, आजचं रीडिंग राहिलंय.’ त्यावर ती जे म्हणाली ना… ‘वाढतेय, हे मला दिसतंय. किती वाढतेय, ते घेऊन मी काय करू? एकतीस वर्षं नुसते आकडे लिहून घेतलेत, कधी कुणाचा नळ दुरुस्त केलात का?’ अहो, लागलं मला ते. खरं होतं म्हणून जास्त लागलं. सवय हो! दिसलं की मोजायचं. लेक तीन आठवडे वाट बघत होती आणि मी भिंतीवर तारखा घालत बसलो होतो.

मग घासायला लागलो. आधी व्हिनेगर. चौथ्या दिवशी हजर. मग ब्लीच. हे एक, तुम्हाला हात जोडून सांगतो, कुणी करू नका! मी विचार केला, व्हिनेगरने तीन दिवस जाते, ब्लीचने तीन दिवस जाते, मग दोन्ही एकदम मारलं तर सहा दिवस तरी जाईल की नाही? मांडला हिशेब! एका बादलीत दोन्ही ओतलं, दार लावून घेतलं, म्हटलं वास बाहेर जायला नको… आणि असा काही धूर डोळ्यांत गेला, असा घसा धरला, की मला कळेना दार कुठल्या बाजूला आहे! हिने बाहेरून दार ढकललं आणि कॉलर धरून मला ओढत बाहेर काढलं. दोन तास गॅलरीत बसून खोकत होतो. छातीतून शिट्टी येत होती, नातवासारखी. आणि ही शेजारी उभी राहून पाठीवर हात फिरवतेय आणि बोलतेय, ‘बुरशी राहिली बाजूला, हेच गेले असते!’ आणि बुरशी? तिला काही नाही झालं. चौथ्या दिवशी हजर!

मग म्हटलं, तज्ज्ञ बोलवू. प्लंबर आला. कानाला पेन्सिल, भिंतीला कान. टकटक केलं, डोळे मिटले आणि म्हणाला, ‘साहेब, आत पाइप गळतोय. भिंत फोडावी लागेल.’ मी म्हटलं, थांब बाबा, हा माझा प्रांत आहे. घरातले सगळे नळ बंद केले, हिला बजावलं की पाण्याला हात लावायचा नाही, आणि खाली जाऊन मीटरसमोर स्टूल टाकून बसलो. दोन तास! काट्याकडे टक लावून. हलला तर गळती, नाही हलला तर गळती नाही, सरळ गोष्ट आहे. लोक जातायत, येतायत, विचारतायत, ‘काय आजोबा, कुणाची वाट बघताय?’ काटा तसूभर हलला नाही. वर येऊन प्लंबरला म्हटलं, गळती नाही. तो म्हणाला, ‘नाही ना? मग हे माझं काम नाही. हे रंगाचं काम आहे.’ आणि गेला!

रंगारी आला. त्याने भिंतीवरून नख फिरवलं, नखाखालचं निरखून बघितलं आणि म्हणाला, ‘काका, हे रंगाचं काम नाही. हे पाण्याचं आहे.’ मी म्हटलं, पाण्याचं नाही रे, काटा हलला नाही! ‘मग हवेचं असेल.’ हवेचं! आता हवेवाला कुठून आणू? तरी त्याला गळ घातली, तेव्हा त्याने तो खास बुरशी न धरणारा रंग मारला. दोन हात. आणि जाताना म्हणतो कसा, ‘काका, वीस दिवस वास राहील. बाळाला आणू नका हं, छातीला त्रास होतो.’ म्हणजे बघा! बुरशी असताना बाळ येणार नाही, आणि बुरशी काढली तर वास आहे म्हणून बाळ येणार नाही. बरं म्हटलं, वीस दिवस तर वीस दिवस. मी रोज आत जाऊन नाकाने हजेरी घ्यायचो. अठरावा दिवस… एकोणिसावा… विसाव्या दिवशी, तुम्हाला सांगतो, वास एकदम गेला! आनंदाने वर बघितलं.

चार ठिपके. नव्या रंगावर, नवे कोरे.

मग पंखा. बाहेर हवा फेकणारा पंखा बसवून घेतला खिडकीत, कारण ती हवेची गोष्ट माझ्या डोक्यात बसली होती. पंखा सुरू केला की घरात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, पण म्हटलं चालेल, तसंही आमच्यात बोलण्यासारखं आता बुरशीच उरलीय. आठवडा झाला, ठिपके वाढले! दुप्पट! हिने एक दिवस कागदाचा कपटा पंख्यासमोर धरला, तर कपटा उडून आत, तिच्या तोंडावर. वायरमनने पंखा उलटा बसवला होता! आमची हवा बाहेर फेकायच्या ऐवजी तो अख्ख्या इमारतीच्या डक्टची दमट हवा आठवडाभर आमच्या बाथरूममध्ये ओढत होता. मी मुद्दाम खाऊ घातलं असतं, तरी बुरशी एवढी बाळसं धरली नसती.

पंखा सुलटा केला. पण बाहेर आहे काय? डक्ट. तीन फुटांची चिंचोळी जागा, चारी बाजूंना भिंती, वर पत्रा. तिथे ऊन कधी पोचलंच नाही. आता ऊन कुठून आणू मी? सांगा ना! वास बंद करता येतो, पाणी बंद करता येतं, ऊन सुरू कसं करायचं?

राहता राहिला शेवटचा उपाय, तो सगळेच सांगतात. अंघोळ झाली की भिंती कोरड्या करायच्या. रोज, प्रत्येकाने. आधी वायपर ओढायचा, मग कोरड्या फडक्याने पुसायचं, छत पण! हिने नियमच काढला. मी अंघोळ करतो, वायपर ओढतो, स्टुलावर चढतो, छत पुसतो, कोपरे पुसतो… आणि खाली उतरतो तेव्हा घामाने असा निथळत असतो की परत अंघोळ करावी लागते! परत अंघोळ केली की परत भिंती ओल्या. परत वायपर. एक दिवस मी साडेआठला आत गेलो तो पावणेअकराला बाहेर आलो, आणि आलो तेव्हाही ओलाच होतो. पण त्या महिन्यात, खरं सांगतो, फरक पडला. चौथ्या दिवशी नाही आली. सहाव्या दिवशी आली! मी लेकीला फोनवर ओरडून सांगितलं, ‘सहाव्या दिवशी!’ ती म्हणाली, ‘बाबा, येतेच ना पण?’ येतेच ना.

तर शेवटी मी ठरवलं, नातू येत नाही ना, आपण जाऊ. आता लेकीच्या सासरी किती वेळा जायचं, याला काही रीत असते. दीड तासाची बस, आणि तिथे गेलं की बैठकीच्या खोलीत पाहुण्यासारखं बसायचं. जावई कामानिमित्त बाहेरगावी, घरात व्याही आणि विहीणबाई. माणसं वाईट नाहीत हो, पण विहीणबाईंचं घर म्हणजे असं, की आपण बसलो की उशीची सुरकुती नीट करायला त्या आपल्याला उठवतात. नातू माझ्याकडे झेपावला की म्हणणार, ‘हात धुतलेत ना तुम्ही?’ आणि मग हळूच, गोड आवाजात, ‘तुमच्याकडे ती भिंतीची तक्रार अजून आहेच का हो? आमच्याकडे नाही बाई असलं काही. स्वच्छता लागते त्याला.’ मी चहाचा घोट गिळला.

गेलो हात धुवायला. बाथरूम केवढं, आमच्या दुप्पट! खिडकी अशी मोठी, पण बंद, वर जाड पडदा. भिंतीवर मोठा आरसा. आणि आता एकतीस वर्षांची सवय जाते का? मी आरशाच्या कडेला बोट घातलं, जरा पुढे ओढला… आणि मागे, तुम्हाला सांगतो, ही एवढी! माझ्यापेक्षा मोठी! ठिपके नव्हेत, सलग काळीभोर, आरशाच्या मापाने वाढलेली! मला काय झालं सांगू? आधी मला आनंद झाला. लाज वाटते सांगायला, पण झाला. वाटलं, तस्साच बाहेर जावं, विहीणबाईंना हाताला धरून आणावं आणि म्हणावं, ‘स्वच्छता लागते नाही का हो याला?’ पाऊल उचललंसुद्धा.

आणि मग बाहेरच्या खोलीतून पोराचा खोकला ऐकू आला. तोच. छातीतला.

दार उघडलं तर समोर लेक उभी. माझ्या काळ्या बोटांकडे बघत होती. म्हणाली, ‘बघितलंत?’ मी म्हटलं, ‘तुला माहीत होतं?’ ‘आरसा मीच लावलाय बाबा तिथे. एकदा विषय काढला होता, तर दोन दिवस घरात कुणी माझ्याशी बोललं नाही. खिडकी उघडली की आई बंद करतात, धूळ येते म्हणतात.’ मी म्हटलं, ‘मग माझ्यामागे का लागलीस इतके महिने? स्टुलावर चढव, भिंत दाखव…’ तर माझी पोर, जी त्या दिवशी बॅग भरतानासुद्धा रडली नव्हती, ती ओठ दाबून म्हणते, ‘तुम्हाला बोलता येतं, बाबा. इथे कुणाला बोलू? मला वाटलं, त्याला घेऊन जायला एक तरी घर असावं.’

काय सांगू तुम्हाला! मला इतके महिने वाटत होतं, ही मला शिक्षा करतेय. आणि ती रोज सहा वाजता फोन लावून विचारत होती, बाबा, मी निघून येऊ शकते का आज? आणि मी डोकं मध्ये धरून ठिपके लपवत होतो.

तिथेच ठरवलं. माझी भिंत माझ्याने होत नाही, तर तिची करतो! पण उघड करायची सोय नाही, बोललो तर बोलणी कुणाला बसणार? लेकीला. तेव्हा पुढच्या रविवारी पिशवीत व्हिनेगरची बाटली, ब्रश आणि दोन कोरडी फडकी घालून, वर केळी ठेवून मी हजर. चहा घेतला, नातवाला एकदा पोटाशी धरलं आणि म्हटलं, जरा बाथरूमला जाऊन येतो. आत गेलो, कडी लावली, आरसा उतरवला, खिडकी सताड उघडली आणि लागलो घासायला. घासण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला… अहो, ज्या माणसाने एकतीस वर्षं दारोदार सांगितलं की वाहता नळ ठेवू नका, त्याने! माझा जीव त्या पाण्यासोबत मोरीत जात होता. चाळीस मिनिटं! बाहेर आलो, घामाघूम, चेहरा लाल. दारात विहीणबाई. मला आपादमस्तक बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, ‘पोट बिघडलंय का?’

आता काय सांगायचं? दुसरं काही सुचलंच नाही. म्हटलं, ‘हो.’

झालं! तेव्हापासून सलग सहा रविवार. मी आत चाळीस मिनिटं, बाहेर नळाचा आवाज, आणि बैठकीत माझ्या पोटाची चर्चा. व्याही म्हणायचे, ‘जुनं दुखणं दिसतंय.’ विहीणबाई मला वेगळं काढून ठेवायला लागल्या, पातळ, बिनमिठाचं, बिनचवीचं काहीतरी. बाकीचे समोर चमचमीत जेवतायत आणि मी वाटीतलं कोमट पाणी ढवळतोय! एकदा माझ्या अंगाला व्हिनेगरचा वास आला, तर म्हणतात, ‘आंबट ढेकर येतात का हो?’ म्हटलं, येतात. सगळं येतं. आणि लेक तिकडे तोंडावर पदर… म्हणजे ओढणी धरून वळून उभी. किती दिवसांनी हसली पोर!

पण बुरशी हटली! तिथे ऊन होतं ना, खिडकीतून सरळ भिंतीवर. लेकीने मोठ्या युक्तीने सांगितलं, ‘बाबा जाऊन आले की खिडकी उघडीच ठेवूया ना, आई, वास…’ आणि हे मात्र विहीणबाईंना लगेच पटलं! माझ्या नावावर ती खिडकी आठवडाभर उघडी राहायला लागली. चौथा दिवस गेला, सहावा गेला, पंधरावा गेला… नाही आली. सहाव्या रविवारी आरसा उतरवला तर मागे कोरी, खडखडीत कोरडी भिंत. मी हात फिरवला तिच्यावरून. आणि पोराचा खोकला थांबला! छातीत आवाज नाही, काही नाही. माझ्या गुडघ्याला धरून उभा राहिला आणि ‘आबा’ म्हणाला. मी म्हटलं, जिंकलो. आता आरशामागची भानगड संपली, पुढच्या रविवारी सरळ येऊन पोराशी खेळायचं, बाथरूमचं तोंडही बघायचं नाही.

निघताना व्याही खालपर्यंत सोडायला आले. कधी येत नाहीत. खांद्यावर हात ठेवला, घसा साफ केला. ‘राग मानू नका, पण आम्ही दोघांनी विचार केला. सहा आठवडे तुमचं पोट ठिकाणावर नाही. काय आहे, कशामुळे आहे, माहीत नाही. घरात लहान मूल आहे, त्याची तब्येत आत्ता कुठे सुधारतेय. तेव्हा बरं होईपर्यंत तुम्ही घरीच आराम करा. डॉक्टरांचा कागद घेऊन या, मग काय, तुमचंच घर आहे!’

सांगू काय? माझं पोट उत्तम आहे, तुमची भिंत नासली होती, असं? मग लेकीला कोण वाचवणार?

गेलो डॉक्टरांकडे. म्हटलं, पोट बरं झाल्याचा कागद द्या. त्यांनी झोपवलं, दाबलं, ठोकलं, रक्त काढलं, फोटो काढला. म्हणाले, ‘आजोबा, तुमचं पोट विशीतल्या माणसाचं आहे. याला कधी काही झालेलंच नाही.’ मी म्हटलं, साहेब, ते राहू द्या, नुसतं ‘बरं झालं’ लिहा. तर म्हणतात, ‘खोटं कसं लिहू? जे आहे तेच लिहिणार.’ आणि लिहून दिलं, सही-शिक्क्यानिशी: यांना पोटाचा कुठलाही आजार नाही व पूर्वीही नव्हता.

हा बघा, खिशातच आहे! आता हा कागद विहीणबाईंच्या हातात दिला, तर त्या वाचणार आणि विचारणार, आजार नव्हता, तर सहा रविवार आमच्या बाथरूममध्ये कडी लावून करत काय होता? आणि नाही दिला, तर नातू नाही. काल संध्याकाळी सहा वाजता फोन आला. मी मुकाट्याने स्टूल उचललं, तर लेक म्हणते, ‘राहू दे बाबा, भिंत नको. आई विचारतायत, पोट कसं आहे?’

तुम्हाला सांगतो, खरंच बिघडलेलं असतं ना, तर कधीतरी बरं तरी झालं असतं! न बिघडलेलं पोट मी बरं करू कसं?